निळ्या खड्याचे नाव

या स्मृतिपुस्तिकेसाठी मी काही लिहावे असे शाळेने कळविले, तेव्हा मराठीचा एक निवृत्त प्राध्यापक संतवाङ्मयावर अथवा गोमंतकातील जुन्या गद्यावर लिहील, अशीच बहुतेकांची अपेक्षा असणार. मी मात्र दगडांविषयी लिहिणार आहे. त्याला कारण आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आमचे सर विज्ञान शिकवीत असत. वर्गात कोणी एखादे पान, किडा अथवा दगड घेऊन आला, की ते त्याचे नाव लगेच सांगत नसत. आधी वस्तूचे वर्णन करायला लावीत. नाव सर्वांत शेवटी, हा त्यांचा दंडक होता. तो मी पुढे एकदा मोडला आणि तोंडघशी पडलो. त्या प्रसंगापासूनच आरंभ करतो.

१९९० च्या सुमाराची गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी पुण्याजवळ बांधकामाच्या कामावर नोकरीस होता. सुट्टीत तो गोव्यास आला, तेव्हा रुमालात गुंडाळून एक दगड घेऊन माझ्याकडे आला. वाघोलीच्या खडीच्या खाणीत त्याला तो सापडला होता. काळ्या पाषाणातील पोकळीत पांढऱ्या, मोत्यासारख्या झळाळणाऱ्या स्फटिकांची दाटी होती आणि त्यांवर वाटाण्याएवढे गर्द निळे गोंडे फुलले होते. हे काय आहे, असे त्याने विचारले. मी क्षणाचाही विलंब न लावता 'लाजवर्द' असे सांगून मोकळा झालो. एवढ्यावर न थांबता फारसीतील लाजवर्द, संस्कृतातील राजावर्त आणि युरोपीय भाषांत निळ्या रंगासाठी त्यापासूनच रूढ झालेले शब्द, यांवर त्याला पाच-दहा मिनिटे ऐकविलेही. त्याने आदराने ऐकून घेतले. दोन महिन्यांनी त्याचे पत्र आले. पुण्यातील भूशास्त्राच्या एका अध्यापकांना त्याने दगड दाखविला होता. तो लाजवर्द नव्हता. ते कॅव्हन्साइट नावाचे दुर्मिळ खनिज होते. पत्रात माझ्या चुकीबद्दल एकही शब्द नव्हता, आणि म्हणूनच ती मला अधिक बोचली. शब्दांची व्युत्पत्ती मी बरोबर सांगितली होती. फक्त ज्या वस्तूला तो शब्द लावला ती वस्तू निराळी होती.

त्यानंतर या विषयाचे मी हौसेने वाचन केले. त्यातून जे उमगले ते भूशास्त्राच्या जाणकाराला नवे नाही. परंतु आपल्यासारख्या वाचकांना ते रोचक वाटावे.

पहिली गोष्ट ही, की खनिजाच्या ओळखीत रंग हा सर्वांत आधी बोलणारा आणि सर्वांत कमी भरवशाचा साक्षीदार आहे. माणिक आणि नीलम ही आपल्या नवरत्नांतील दोन निराळी रत्ने. एक सूर्याचे, दुसरे शनीचे. खनिजशास्त्राच्या दृष्टीने मात्र दोन्ही एकच, कुरुविंद. क्रोमियमचा अंश मिसळला की तेच खनिज लाल होते, लोह आणि टिटॅनियम यांचा अंश आला की निळे. येथे खनिज एक आणि रंग दोन. उलट लाजवर्द, नीलम, ॲझुराइट आणि कॅव्हन्साइट ही चारही निळी, परंतु त्यांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही. ही फसगत केवळ आपल्याकडेच झाली असे नाही. नीलमाला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचे मूळ ग्रीकमध्ये सापडते. पण प्राचीन ग्रीक व रोमन लेखकांनी त्या दगडाचे जे वर्णन केले आहे, त्यात सोनेरी ठिपके आहेत. सोनेरी ठिपके लाजवर्दात असतात, नीलमात नसतात. म्हणजे शब्द एका दगडावरून उठून दुसऱ्या दगडावर जाऊन बसला.

आता ज्या उदाहरणासाठी हा लेख लिहावयास घेतला त्याकडे वळतो. त्याचा गोव्याशी संबंध आहे. पोटापाण्यासाठी पूर्व आफ्रिकेत गेलेली माणसे गोव्यात अनेक गावांतून निघाली. कोणी कारकून झाले, कोणी स्वयंपाकी, कोणी वादक, कोणी शिंपी. गोव्यात जन्मलेले मॅन्युएल डिसूझा हे टांझानियातील आरुशा या गावी शिंपीकाम करीत. सवड मिळेल तेव्हा रानोमाळ हिंडून खनिजे शोधणे हा त्यांचा छंद होता. भूशास्त्राचे विद्यापीठीय शिक्षण त्यांच्यापाशी नव्हते. १९६७ साली किलिमांजारोच्या परिसरातील मेरेलानी टेकड्यांत त्यांना पारदर्शक निळ्या खड्यांचा ठाव लागला.

हा खडा कोणता? ऑलिव्हिन, ड्युमॉर्टिअराइट, कॉर्डिअराइट अशी नावे एकामागून एक पुढे आली आणि मागे पडली. निळा आणि पारदर्शक म्हटल्यावर नीलम हे नाव कोणाच्याही मनात येणारच. या प्रत्येक नावाला फाटा कसा देता येतो, हे पायरीपायरीने पाहिले म्हणजे खनिज ओळखण्याची सारी रीत ध्यानात येते.

पहिली पायरी कसाची. 'कसाला उतरणे' हा वाक्प्रचार आपण सोनाराच्या कसोटीवरून घेतला. मराठी खनिजशास्त्रातही 'कस' हा पारिभाषिक शब्द आहे. झिलई नसलेल्या चिनी मातीच्या फरशीवर खनिज घासले असता जी रेघ उमटते तिचा रंग म्हणजे कस. ॲझुराइट घासले तर निळी रेघ उमटते, कारण त्याचा निळा रंग त्याच्या घटनेतच असलेल्या तांब्याचा आहे. तो घरचा रंग. नीलमाची भुकटी मात्र पांढरी, कारण त्याची निळाई अल्प अंशाने मिसळलेल्या परक्या द्रव्याची आहे. तो पाहुणा रंग. मेरेलानीच्या खड्याचा कसही पांढराच. म्हणजे येथेही रंग पाहुणा आहे आणि त्यावर विसंबून यजमानाचे नाव सांगता येणार नाही, एवढे पहिल्याच पायरीला कळते.

दुसरी पायरी काठिण्याची. फ्रीडरिश मोस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दहा खनिजांची एक उतरंड लावून दिली. वरचे खनिज खालच्यावर ओरखडा काढते, खालचे वरच्यावर काढू शकत नाही. नखाचे काठिण्य सुमारे अडीच, चाकूच्या पात्याचे व काचेचे सुमारे साडेपाच, गारगोटीचे सात, कुरुविंदाचे नऊ, हिऱ्याचे दहा. मेरेलानीचा खडा काचेवर ओरखडा काढतो, परंतु त्याचे काठिण्य सहा ते सात यांच्या दरम्यानच राहते. नीलमावर गारगोटी कितीही घासली तरी ओरखडा उठणार नाही. तेव्हा नीलम येथेच बाद होतो. ऑलिव्हिन मात्र टिकून राहतो, कारण त्याचे काठिण्य साडेसहा ते सात.

तिसरी पायरी वजनाची. खडा आधी हवेत तोलावा, मग दोऱ्याने टांगून पाण्यात बुडवून तोलावा. समजा, हवेत तो ६.७० ग्रॅम भरला आणि पाण्यात ४.७० ग्रॅम. घट २ ग्रॅमची. ६.७० ला २ ने भागले की ३.३५ हे त्याचे विशिष्ट गुरुत्व. आर्किमिडीजच्या नावाने शाळेत शिकलेला हा धडा येथे थेट कामी येतो. नीलमाचे विशिष्ट गुरुत्व ४ च्या आसपास, कॉर्डिअराइटचे सुमारे २.६. मेरेलानीच्या खड्याचे ३.३५ च्या जवळपास येते. म्हणजे कॉर्डिअराइटही गेला. परंतु ऑलिव्हिन आणि ड्युमॉर्टिअराइट यांचे आकडे याच आकड्याला खेटून आहेत. म्हणून म्हणतो, ज्यांनी ती नावे सुचविली त्यांना हसण्याचे कारण नाही. हाती दोनच कसोट्या असत्या तर आपणही तेच म्हटले असते.

चौथी पायरी प्रकाशाची, आणि येथे हा खडा आपले वेगळेपण दाखवितो. तो उजेडासमोर धरून फिरवला तर एका दिशेने निळा, दुसऱ्या दिशेने जांभळा आणि तिसऱ्या दिशेने तपकिरी दिसतो. स्फटिकाच्या आत अणूंची मांडणी तिन्ही दिशांना सारखी नसल्यामुळे प्रत्येक दिशेने जाणाऱ्या प्रकाशातील निरनिराळे रंग शोषले जातात. या गुणाला बहुवर्णिकता म्हणतात. नीलमात असे दोनच रंग दिसू शकतात. कॉर्डिअराइटमध्ये तीन दिसतात खरे, पण तो वजनात आधीच बाद झालेला आहे. ऑलिव्हिनचे काय? त्यात शिरलेल्या प्रकाशकिरणाचे दोन किरण होतात आणि ते परस्परांपासून बरेच फाकतात. इतके, की पैलू पाडलेल्या खड्यात भिंगातून पाहिले असता मागच्या बाजूच्या कडा दुहेरी दिसतात. मेरेलानीच्या खड्यात ही फाकट अगदी थोडी असते. शिवाय ऑलिव्हिनचा हिरवा रंग लोहाचा, म्हणजे घरचा आहे. ऑलिव्हिनही गेला.

उरला ड्युमॉर्टिअराइट. त्याचे प्रणमनांकही, म्हणजे प्रकाश वाकविण्याचे मानही, या खड्याच्या इतके जवळ आहेत की तेवढ्यावर निकाल देणे धाडसाचे ठरावे. येथे पाचवी पायरी लागते ती रसायनाची. ड्युमॉर्टिअराइटमध्ये बोरॉन असतो आणि कॅल्शियम हा त्याचा घटक नसतो. मेरेलानीच्या खड्यात कॅल्शियम भरपूर, त्याच्या जोडीला ॲल्युमिनियम आणि सिलिका. या घटकांवरून जे नाव निघते ते झोइसाइट.

झोइसाइट हे खनिज मुळीच नवे नव्हते. ऑस्ट्रियातील साउआल्पे या पर्वतातून आलेला त्याचा नमुना एका खनिजविक्रेत्याने झिगमुंड झोइस या संग्राहकापुढे ठेवला; हे काहीतरी अपरिचित आहे, हे झोइस यांनी ओळखले. १८०५ मध्ये वेर्नर या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने त्यास झोइस यांचेच नाव दिले. एवढेच नव्हे, तर १९५४ मध्ये आरुशापासून फार दूर नसलेल्या लोंगिदो येथे हिरव्या, अपारदर्शक झोइसाइटमध्ये रुतलेली माणके सापडली होती. म्हणजे खनिज जुने, परिसरही ओळखीचा. फक्त निळ्या आणि पारदर्शक वेषात ते पूर्वी कोणाला भेटले नव्हते. ओळखीच्या माणसाने वेष पालटला की आपण त्याला परका समजतो, तसेच येथे झाले.

अचूक ओळख सर्वांआधी डोडोमा येथील सरकारी भूवैज्ञानिक इयान मॅकक्लाउड यांनी पटविली असे सांगतात. नैरोबीतील भूवैज्ञानिक जॉन सॉल यांनी ड्युमॉर्टिअराइट व कॉर्डिअराइट या दोन्ही शक्यता बाद करून नमुने न्यूयॉर्कला आपल्या वडिलांकडे पाठविले. तेथून ते जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका या संस्थेकडे गेले आणि तिनेही झोइसाइट असाच निर्वाळा दिला. हार्वर्ड, हायडेलबर्ग आणि ब्रिटिश म्युझियम येथील तज्ज्ञांचेही उत्तर तेच आले. निरनिराळ्या ठिकाणी बसलेल्या माणसांनी एकच उत्तर द्यावे, हीच शास्त्रीय ओळखीची खूण. माझ्या लाजवर्दाला दुसरा साक्षीदार नव्हता.

मग ही निळाई कोठून आली? व्हॅनेडियम या धातूचा अल्प अंश या खड्यात पाहुणा म्हणून राहतो, त्याची ही करणी. जमिनीतून निघणारे बहुतेक खडे तपकिरी झाकेचे असतात. ते सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले की व्हॅनेडियमची स्थिती पालटते, तपकिरी झाक निघून जाते आणि निळा व जांभळा एवढेच रंग उरतात. बाजारात आज जे खडे मिळतात त्यांतील बहुतेक असे तापविलेलेच असतात. यात लबाडी नाही. मात्र घेणाऱ्याला ते सांगितले पाहिजे. शनीसाठी म्हणून नीलम घेणाऱ्या भाविकाच्या हाती निळी काच, कॉर्डिअराइट अथवा तापविलेला झोइसाइट पडू शकतो. नीलमाच्या गुणांवर माझा विश्वास असो वा नसो, पैसे नीलमाचे मोजले असतील तर खडा नीलमच असला पाहिजे, याविषयी दुमत होऊ नये.

रसायन कळले म्हणजे ओळख पुरी झाली का? येथे मला माझ्या विद्यार्थ्याच्या वाघोलीच्या दगडाकडे परत यावे लागते. कॅव्हन्साइट हे नाव कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिका यांच्या इंग्रजी नावांतील आद्य अक्षरे जोडून केलेले आहे. म्हणजे त्याची निळाईही व्हॅनेडियमचीच. फरक इतकाच, की मेरेलानीत जो पाहुणा आहे तो येथे घरधनी आहे. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात सापडलेल्या नमुन्यांवरून स्टेपल्स, एव्हान्स आणि लिंडसे या तिघांनी १९७३ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. परंतु त्याच लेखात त्यांनी दुसऱ्याही एका निळ्या खनिजाचे वर्णन केले, पेंटागोनाइटचे. दोहोंचे रासायनिक घटक तेच, प्रमाणही तेच. भेद आहे तो अणूंच्या रचनेत. त्याच विटा, तेच चुनखडी, पण घरे दोन. पेंटागोनाइटचे स्फटिक एकमेकांत गुंतून पाच टोकांच्या चांदणीसारखा छेद दाखवितात, त्यावरून त्याला ते नाव मिळाले.

असा भेद रसायनाने उलगडत नाही. तेथे सहावी व अखेरची पायरी लागते. स्फटिकावर क्ष-किरण सोडले असता अणूंच्या थरांवरून ते ठराविक कोनांनी परततात. त्या कोनांवरून आतील रचना काढता येते. फोन लाउए यांनी १९१२ मध्ये दाखविलेल्या आणि ब्रॅग पितापुत्रांनी लगेच पुढे नेलेल्या या पद्धतीने खनिजाची ओळख पक्की होते. म्हणून आज खनिजाची व्याख्या करताना रासायनिक घटना आणि स्फटिकरचना ही दोन्ही सांगावी लागतात. रंग त्या व्याख्येत येतच नाही.

दख्खनच्या लाव्हारसाच्या खडकांतील पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट अशी पांढरी खनिजे पुष्कळ असतात. वाघोलीचे निळे गोंडे त्यांच्यावरच फुललेले आढळतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून तेथील नमुने जगभरच्या संग्रहालयांत गेले, आणि जगातील उत्तम कॅव्हन्साइट म्हणून पुण्याच्या त्या खाणींचे नाव झाले. एरवी तो सारा दगड खडी होऊन रस्त्याखाली गेला असता. कोणीतरी वाकून उचलला आणि हे काय आहे असे विचारले, म्हणून तो राहिला.

डिसूझांच्या खड्याला पुढे व्यापारी नाव मिळाले. झोइसाइट हा शब्द इंग्रजीत आत्महत्येच्या शब्दाशी उच्चाराने जवळचा पडतो. असा अलंकार कोण घेणार? न्यूयॉर्कच्या टिफनी अँड कंपनीने १९६८ मध्ये देशाच्या नावावरून त्यास 'टांझानाइट' म्हटले आणि तेच रूढ झाले. शास्त्राच्या लेखी तो आजही झोइसाइटच. टांझानाइट हे त्याच्या निळ्या प्रकाराचे बाजारातील नाव. १९६९ मध्ये डिसूझा मोटार अपघातात वारले. १९७१ मध्ये तेथील खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. ज्या खड्याचा पुढे एवढा मोठा व्यापार झाला, त्याच्या वैभवाचा काळ त्या शिंप्याला पाहावयास मिळाला नाही.

अर्थात, पहिला शोध त्यांचाच, असे निर्विवाद म्हणता येत नाही. अली जुयावातू या मसाई माणसाने ते खडे आधी पाहिले असे काही जण सांगतात. आणि २०१८ मध्ये टांझानियाच्या राष्ट्राध्यक्षांनी जुमान्ने न्गोमा यांचा टांझानाइटचे शोधक म्हणून गौरव केला. आपला माणूस म्हणून डिसूझांचे नाव मी अभिमानाने घेतो. परंतु खड्याच्या बाबतीत जी शिस्त पाळावयाची तीच श्रेयाच्या बाबतीतही पाळली पाहिजे. दुसऱ्याचा पुरावा झाकून ठेवून आपल्या माणसाचे नाव मोठे करणे सरांना रुचले नसते.

माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाला, अथवा त्यांच्या मुलानातवंडांना, असा अनोळखी दगड सापडलाच तर थोडक्यात सांगतो. दगड कोठे व कोणत्या खडकात सापडला ते त्याच दिवशी लिहून ठेवावे. स्थान हरवलेला नमुना निम्मा निकामी होतो. त्याच्यासोबतची पांढरी, हिरवी खनिजे खरवडून टाकू नयेत, कारण तीही साक्षीदार आहेत. ओरखड्याची परीक्षा चांगल्या स्फटिकावर न करता तुटक्या कपच्यावर करावी. चव घेऊन पाहू नये. काही खनिजे विषारी असतात. नंतर विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात जाऊन विचारावे. आणि कोणी हातात घेताक्षणी नाव सांगू लागला, तर तो मराठीचा प्राध्यापक नाही ना, याची खात्री करून घ्यावी.

तो वाघोलीचा दगड माझ्या विद्यार्थ्याने पुढे शाळेला दिला. प्रयोगशाळेच्या कपाटात तो आजही आहे. त्याच्या चिठ्ठीवरचे अक्षर माझे आहे. प्रथम स्थळ, मग खडक, मग सोबतची खनिजे, कस, काठिण्य असे लिहीत गेलो आणि शेवटच्या ओळीत नाव लिहिले. सरांच्या वर्गात ज्या क्रमाने लिहावयास शिकलो होतो, त्याच क्रमाने.